एकदाच लिहिलेले, लाखदा लिहिलेले

स्वयंपाकघरात दोन प्रकारच्या माश्या नेहमी दिसतात. एक घरमाशी. दुसरे, पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारे लाल डोळ्यांचे चिलट, ज्याला जीवशास्त्रात ड्रोसोफिला म्हणतात. दोघींना पंखांची एकच जोडी, दोघी एकाच गणातल्या. त्यांच्या डीएनएची घडणही सारखीच असेल असे कुणालाही वाटेल. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ती तपासली तेव्हा भलतेच काही हाती आले. घरमाशीच्या डीएनएची मांडणी आफ्रिकेतल्या एका बेडकाशी आणि सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याशी जुळत होती. ड्रोसोफिलाची मांडणी मात्र मधमाशीसारखी निघाली, आणि मधमाशी तर माश्यांच्या गणातलीसुद्धा नाही.

मांडणी कशाची? डीएनए हा चार रासायनिक घटकांचा लांबच लांब धागा. ए, टी, जी आणि सी या खुणांनी ते घटक ओळखले जातात. त्यांना अक्षरे म्हणू. माणसाच्या डीएनएच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यांतली प्रथिने घडवण्याची कृती सांगणारी अक्षरे जेमतेम दीड टक्का. उरलेल्या अफाट मजकुरात काही ओळी अख्ख्या धाग्यात एकदाच येतात, तर काही ओळी हजारदा, लाखदा पुन्हा पुन्हा येतात. एकदाच येणारा मजकूर आणि पुनरावृत्त मजकूर एकमेकांत कसे गुंफलेले आहेत, याचा नकाशा प्राण्यागणिक बदलतो. पुनरावृत्त मजकूर वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिला, कारण सगळ्यांचे लक्ष जनुकांवर, म्हणजे प्रथिनांच्या कृतींवर होते. प्राण्यांच्या इतिहासातल्या कित्येक गोष्टी मात्र या गुंफणीतच सापडतात.

आश्चर्य असे, की ही गुंफण माणसाला कळली ती डीएनएची अक्षरे वाचता येण्याच्या कितीतरी आधी. १९६० मध्ये हार्वर्डला पॉल डोटी आणि ज्युलियस मार्मर यांनी दाखवले होते, की डीएनएचे द्रावण तापवले तर दुहेरी धाग्याच्या दोन बाजू सुट्या होतात, आणि ते योग्य रीतीने निववले तर त्या पुन्हा जुळतात. ए समोर टी आणि जी समोर सी, असा हा मेळ असतो. वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये रॉय ब्रिटन आणि डेव्हिड कोहन यांनी याच गुणाचे मोजमाप केले. ब्रिटन मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, दुसऱ्या महायुद्धात मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले. त्यांची प्रयोगशाळा ज्या विभागात होती तो विभाग पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अभ्यासासाठी स्थापन झाला होता. जीवशास्त्रातला इतका मोठा शोध अशा ठिकाणी लागला, याचे श्रेय मोजण्याच्या काटेकोर सवयीला द्यायला हवे.

त्यांची युक्ती सोपी होती. वासराच्या ग्रंथीतला डीएनए काढायचा, त्याचे काहीशे अक्षरांचे तुकडे करायचे, तापवून दोन्ही बाजू सुट्या करायच्या आणि मग त्यांना पुन्हा जुळायला किती वेळ लागतो ते पाहायचे. आषाढीच्या वारीत चुकलेल्या माणसाला आपल्या दिंडीतला कुणीही भेटला तरी चालणार असेल, तर तो लवकर मार्गी लागतो. त्याला सख्ख्या भावालाच गाठायचे असेल तर दिवस मावळतो. तुकड्यांचेही तसेच. ज्याच्या लाखो प्रती द्रावणात आहेत, त्याला जोडीदार पटकन मिळतो. ज्याची एकच प्रत आहे, तो शोधत फिरतो. वेळ मोजला की प्रतींची संख्या काढता येते.

जिवाणूंच्या डीएनएत असा फरक दिसत नव्हता. सगळे तुकडे साधारण एकाच गतीने जुळत होते. प्राण्यांच्या डीएनएत मात्र लख्ख वेगळे गट पडले. वासराच्या डीएनएचा सुमारे ४० टक्के भाग झपाट्याने जुळला, उरलेला अतिशय सावकाश. उंदरात तर सुमारे दहावा हिस्सा पाहता पाहता जुळून गेला. एकाच छोट्या ओळीच्या तिथे जवळपास दहा लाख प्रती होत्या. हे सारे ‘सायन्स’ साप्ताहिकात १९६८ साली छापून आले. उत्क्रांत प्राण्याचा डीएनए म्हणजे एकामागून एक जनुके, हा समज त्या लेखाने मोडला.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. पुनरावृत्त ओळी एका कोपऱ्यात साठवलेल्या आहेत, की एकदाच येणाऱ्या मजकुरात ठिकठिकाणी पेरलेल्या आहेत? ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन यांच्या गटाने याचे उत्तर काढले ते हाडांत आणि दातांत असते तशा एका खनिजाच्या, हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या मदतीने. हे खनिज जुळलेला दुहेरी डीएनए धरून ठेवते आणि एकेरी धागा सोडून देते. त्यांनी आधी छोटे तुकडे घेतले, मग क्रमाक्रमाने लांब. प्रत्येक वेळी फक्त पुनरावृत्त ओळींना जुळण्याइतकाच वेळ दिला. तुकडे लांब होत गेले तसा खनिजाला चिकटणारा भाग भराभर वाढला, कारण प्रत्येक लांब तुकड्यात कुठेतरी एक पुनरावृत्त ओळ येऊ लागली आणि ती आपल्यासोबत शेजारचा एकदाच येणारा मजकूरही ओढून आणू लागली. किती लांबीला किती डीएनए अडकतो, या आकड्यांतून दोन पुनरावृत्त ओळींमधले अंतर निघाले.

१९७३ मध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकाचा नकाशा तयार झाला. साधारण ३०० अक्षरांची पुनरावृत्त ओळ, मग हजाराच्या आसपास अक्षरांचा एकमेव, म्हणजे एकदाच येणारा मजकूर, मग पुन्हा ३०० अक्षरांची पुनरावृत्त ओळ. जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनए-संचाचा, अर्ध्याहून अधिक भाग असा. पुढच्याच वर्षी सी-अर्चिनमध्ये तेच दिसले. मग समुद्री गोगलगाय, कालव, जेलीफिश अशा एकमेकांपासून कितीतरी दूरच्या प्राण्यांत तशीच वीण सापडत गेली. ब्रिटन आणि डेव्हिडसन यांचा आनंद समजण्यासारखा होता, कारण १९६९ सालीच त्यांनी एक धाडसी सिद्धांत मांडला होता: जनुकांशेजारच्या पुनरावृत्त ओळी म्हणजे नियंत्रणाच्या कळा. एकच ओळ अनेक जनुकांजवळ असेल, तर एका संकेताने ती सगळी जनुके एकत्र चालू करता येतील आणि पेशीला स्नायू किंवा चेता बनवता येईल.

आणि मग ड्रोसोफिला आडवी आली. १९७५ मध्ये तिचा नकाशा निघाला तेव्हा पुनरावृत्त ओळींची सरासरी लांबी ५,६०० अक्षरे भरली, आणि त्यांच्यामधला एकमेव मजकूर १३,००० अक्षरांहूनही लांब. डोळे, पंख, सहा पाय सगळे व्यवस्थित घडवणारा हा कीटक दर हजार अक्षरांवरच्या कळांवाचून काम चालवत होता. सिद्धांत त्याच्या मूळ रूपात टिकणे शक्य नव्हते.

कोडे सुटायला त्या ओळी नेमक्या काय आहेत हे कळावे लागले. त्याची किल्ली प्राण्यांत नाही, मक्यात सापडली होती. कोल्ड स्प्रिंग हार्बरला बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके अभ्यासून दाखवले होते, की डीएनएचे काही तुकडे जागा बदलतात. त्यांच्या या कामाला नोबेल मिळाले ते १९८३ मध्ये. आज आपल्याला माहीत आहे, की प्राण्यांतल्या विखुरलेल्या पुनरावृत्त ओळी बहुतांशी अशा फिरस्त्या तुकड्यांच्या प्रती आहेत. काही तुकडे मूळ जागा सोडून दुसरीकडे बसतात. काही मूळ जागीच राहून स्वतःची आरएनए प्रत काढतात, तिच्यावरून पुन्हा डीएनए बनवतात आणि तो भलतीकडे घुसवतात. माणसात ‘एल-वन’ नावाचा असा सुमारे ६,००० अक्षरांचा घटक आहे. त्याच्या पाच लाखांच्या आसपास प्रती आपल्यात आहेत. बहुतेक तुटक्या, निकामी. साधारण ३०० अक्षरांचा ‘अलू’ स्वतः काही करू शकत नाही, एल-वनची यंत्रणा वापरतो, तरीही त्याच्या प्रती दहा लाखांवर गेल्या आहेत. हे दोघे मिळून मानवी जीनोमच्या चतुर्थांशाहून जास्त जागा व्यापतात.

ड्रोसोफिलाच्या लांब ओळी हेच घटक आहेत, पण शाबूत. तिच्यातला ‘कोपिया’ सुमारे ५,००० अक्षरांचा. मेलेल्या, मोडक्या प्रती मात्र तिच्यात फारशा साचत नाहीत. दिमित्री पेट्रोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले, की ड्रोसोफिलाच्या वंशात डीएनएची निरुपयोगी अक्षरे फार वेगाने गळून जातात. म्हणजे जुने अवशेष पुसले जातात आणि नुकतेच घुसलेले, पूर्ण लांबीचे घटक तेवढे दिसतात. घरमाशीचा जीनोम २०१४ मध्ये वाचला गेला. तो ड्रोसोफिलाच्या जवळपास चौपट आहे आणि त्याचा निम्म्याहून जास्त भाग पुनरावृत्त आहे. मधमाशीत फिरस्ते घटक मोजकेच. १९७६ च्या त्या विचित्र निकालामागे म्हणूनच रक्ताच्या नात्यापेक्षा प्रत्येक वंशाच्या साठवण्याच्या आणि पुसण्याच्या सवयी आहेत. नुसत्या तापमापकाच्या आणि घड्याळाच्या बळावर त्या काळच्या संशोधकांनी हे भेद इतके अचूक टिपले, याबद्दल आजही आदर वाटतो.

हे घटक वंशपरंपरेच्या वाटेनेच येतात असेही नाही. ‘बोव्ह-बी’ नावाचा घटक साप-सरड्यांत आहे आणि गायीच्या जीनोममध्येही त्याच्या अगणित प्रती आहेत, मात्र मधल्या कित्येक सस्तन प्राण्यांत तो नाही. तो सरपटणाऱ्या प्राण्यांतून रवंथ करणाऱ्यांत शिरला, आणि दोघांचे रक्त पिणाऱ्या गोचिडीने तो वाहून नेला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. गोचिडीतही तो सापडतो. विसाव्या शतकात तर अशी एक घुसखोरी माणसाच्या डोळ्यांदेखत झाली. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टरच्या जुन्या, प्रयोगशाळेत राखलेल्या वाणांत ‘पी’ घटक नाही. नंतर निसर्गातून पकडलेल्या माश्यांत तो जगभर आढळतो. काही दशकांत तो दुसऱ्या जातीतून येऊन सगळीकडे पसरला.

एकमेव मजकुराच्या मधोमध असा घटक येऊन बसला तर काय होते? १९८८ मध्ये हेग कझाझियन यांच्या गटाने हिमोफिलियाच्या २४० रुग्णांचा अभ्यास केला. दोन मुलांत रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर आठ’च्या जनुकात एल-वनची नवी प्रत घुसलेली होती, आणि त्यांच्या आईवडिलांत ती नव्हती. दुसरीकडे, इंग्लंडच्या औद्योगिक भागात काजळीने काळवंडलेल्या झाडांवर तगलेला काळा पतंग, जो शाळेच्या पुस्तकात उत्क्रांतीचा दाखला म्हणून येतो, त्याचा काळा रंगही असाच. ‘कॉर्टेक्स’ नावाच्या जनुकात सुमारे २२,००० अक्षरांचा फिरस्ता घटक शिरल्याने तो आला, हे २०१६ मध्ये सिद्ध झाले. संशोधकांच्या अंदाजानुसार तो १८१९ च्या सुमारास शिरला.

सर्वांत विलक्षण उदाहरण आपल्या पाठीशी आहे. माकडांना शेपूट असते; माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना नसते. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने याचे एक कारण दाखवले. शेपटीच्या वाढीशी संबंधित ‘टीबीएक्सटी’ जनुकात, या बिनशेपटी वानरांच्या पूर्वजांत सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, अलूची एक प्रत बसली. थोड्या अंतरावर अलूची दुसरी, जुनी प्रत उलट्या दिशेने आधीच होती. जनुकाची आरएनए प्रत निघते तेव्हा या दोन ओळी एकमेकींना जुळतात, मधला एकमेव मजकूर फास बनून बाहेर राहतो आणि तो वगळूनच प्रथिन तयार होते. असे अपुरे प्रथिन बनवणारे उंदीर प्रयोगशाळेत तयार केले, तर त्यांच्यात आखूड शेपटीचे आणि बिनशेपटीचेही निघाले. ब्रिटन यांच्या परीक्षानळीत घडत होते तेच हे जुळणे, इथे पेशीच्या आत. त्या ओळींत काय लिहिले आहे यापेक्षा त्या कुठे आणि कोणत्या दिशेने बसल्या आहेत, हे इथे निर्णायक ठरले.

पुनरावृत्तीची दुसरी तऱ्हा वेगळी आहे. इथे ओळी विखुरलेल्या नसतात, एकीला लागून एक अशा सलग असतात. उंदरातल्या त्या दहा लाख प्रती याच जातीच्या. १९७० मध्ये मेरी लू पार्ड्यू आणि जोसेफ गॉल यांनी त्या गुणसूत्रांवर कुठे आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले: गुणसूत्राच्या त्या आकुंचित जागी, जिला धरून पेशीविभाजनात गुणसूत्रे ओढली जातात. माणसात तिथे १७१ अक्षरांची ओळ लाखो अक्षरे सलग आवर्तत जाते. गुणसूत्राच्या टोकांनाही टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे शेकडो वेळा येतात आणि टोक झिजण्यापासून सांभाळतात. ड्रोसोफिलाकडे ही सहा अक्षरे नाहीत. तिच्या गुणसूत्रांची टोके फिरस्ते घटकच राखतात. ते पुन्हा पुन्हा टोकांवर येऊन बसतात आणि झीज भरून काढतात. एरवी घुसखोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घटकांवर ही माशी जगते आहे.

सलग आवर्तनांनीच मानवी जीनोमचे वाचन वीस वर्षे अडवून धरले. २००१ मधला मसुदा आणि त्यानंतरची आवृत्ती छोट्या छोट्या तुकड्यांच्या वाचनावरून जोडलेली होती. सलग सारख्याच दिसणाऱ्या ओळींतून आलेला तुकडा नेमका कुठला, हे ठरवायला मार्ग नव्हता. सुमारे आठ टक्के भाग कोराच राहिला. एका दमात हजारो, लाखो अक्षरे वाचणारी यंत्रे आली तेव्हा २०२२ मध्ये अ‍ॅडम फिलिपी आणि कॅरेन मिगा यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने पहिला अखंड मानवी जीनोम प्रसिद्ध केला. त्यात जवळपास २० कोटी नवी अक्षरे होती. पुनरावृत्तीने सर्वाधिक खच्चून भरलेले वाय गुणसूत्र मात्र २०२३ मध्ये पूर्ण झाले.

याच आवर्तनांचा सर्वांत उपयोगी पैलू भारताशी जोडलेला आहे. लालजी सिंग यांनी पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएतून एक पुनरावृत्त क्रम वेगळा काढला. त्यात जीएटीए ही चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, आणि नागकुळातल्या मादीच्या लिंगनिश्चिती करणाऱ्या गुणसूत्रावर त्यांची दाटी असते. लिंगनिर्धारण समजून घेण्यासाठी हाती घेतलेला हा क्रम माणसाच्या डीएनएवर वापरल्यावर प्रत्येक व्यक्तीचा निराळा पट्टा उमटला. १० सप्टेंबर १९८४ रोजी इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशाची कल्पना सुचली होती. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत सिंग यांनी सापाकडून मिळालेल्या साधनाने भारताची स्वतःची पद्धत उभी केली. पितृत्वाच्या दाव्यांत, बेवारस मृतदेहांच्या ओळखीत, खुनाच्या खटल्यांत ती पुढे वापरली गेली. आजच्या चाचण्याही छोट्या आवर्तनांवरच उभ्या आहेत: ठरावीक जागी चार अक्षरे आईकडून किती वेळा आली आणि वडिलांकडून किती वेळा, हे मोजले जाते. हीच मोजणी कधी भयंकर ठरते. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरे ४० किंवा जास्त वेळा सलग येतात. ३५ पर्यंत असतील तर आजार होत नाही.

मग हा सगळा पुनरावृत्त मजकूर कामाचा म्हणायचा का? १९७२ मध्ये सुसुमु ओनो यांनी ‘कचरा डीएनए’ हा शब्दप्रयोग रूढ केला आणि तो फार सैल हाताने वापरला गेला. पण दुसऱ्या टोकाला जाणेही बरोबर नाही. अंटार्क्टिकावर राहणारी बेल्जिका ही बिनपंखी माशी दहा कोटींहून कमी अक्षरांत संसार करते, आणि तिच्यात पुनरावृत्त मजकूर जवळजवळ नाही. दक्षिण अमेरिकेतल्या फुप्फुसमाशाचा जीनोम २०२४ मध्ये वाचला गेला: सुमारे ९,१०० कोटी अक्षरे, माणसाच्या तीसपट. त्याच्या १९ पैकी १८ गुणसूत्रे एकेकटी आपल्या संपूर्ण जीनोमपेक्षा मोठी आहेत. फिरस्त्या घटकांना दाबून ठेवणारी पेशीतली यंत्रणा त्याच्यात दुबळी पडली आणि प्रती वाढत गेल्या. या माशाला या बहुतेक मजकुराची गरज असेल असे मानायला आधार नाही. मात्र त्यातली कुठली प्रत कोणत्या जनुकाशेजारी जाऊन बसली, यावरून शेपूट जाऊ शकते, रंग बदलू शकतो, आजार येऊ शकतो.

एखाद्या प्राण्याचा जीनोम वाचून झाल्याची बातमी दिसली, तर जनुकांच्या आकड्यावर थांबू नका. त्यात पुनरावृत्त भाग किती टक्के आहे, तो विखुरलेला आहे की सलग, आणि सलग भाग खरोखर वाचला आहे की नुसता मोकळा सोडला आहे, हे पाहा. २०२२ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या बहुतेक प्राण्यांच्या जीनोममध्ये तो मोकळाच आहे.